साडेनऊ बोटांचा सुपरहिरो

दाराबाहेर उभ्या हिरोचा शर्ट निळा असला आणि आत येईपर्यंत तो हिरवा झाला, तर प्रेक्षक ज्या अज्ञात व्यक्तीचा उद्धार करतात, ती व्यक्ती मी. पस्तीस वर्षं मी टीव्ही मालिकांची कंटिन्युइटी सांभाळली. संपादकांनी फोन करून ‘पडद्यामागच्या मानकऱ्यांनी यंदाच्या अंकात लिहावं’ असा आग्रह केला, तेव्हा आपल्याला मान नेमका कधी मिळाला होता, हे मी बराच वेळ आठवत बसले. आठवलं नाही, म्हणून लिहायला होकार दिला.

आमचा धंदा सोपा आहे. मालिकेतली दृश्यं क्रमाने चित्रित होत नाहीत. सासू सोमवारी स्वयंपाकघरातून तणतणत निघते आणि दिवाणखान्यात पोहोचते ती गुरुवारी. मधल्या तीन दिवसांत तिचं कुंकू, पदर, हातातला पेला आणि चेहऱ्यावरचा राग जिथल्या तिथे ठेवायचा. पेल्यात चहा किती होता, तेही. पूर्वी हे सगळं वहीत लिहून ठेवायचे, पुढे मोबाइलवर फोटो काढायला लागले. वही मात्र सोडली नाही, कारण कशाकडे बघायचं हे फोटोला कळत नाही. निदान तेव्हा तरी मला असं वाटायचं की मला कळतं.

निर्माते मंडळींचा माझ्या कामावर फार विश्वास. एका मालिकेत नवऱ्याचा अपघात होऊन उजवा पाय प्लास्टरमध्ये होता. नट सुट्टीवर गेला आणि खरोखरचा डावा पाय मोडून आला. निर्माते म्हणाले, “प्लास्टर इकडून तिकडे करा, कोण बघतंय?” मी हटून बसले. शेवटी त्याच्या दोन्ही पायांना प्लास्टर घातलं आणि लेखकाने रातोरात दुसरा अपघात लिहिला. त्या आठवड्यात मालिका पहिल्या नंबरावर गेली आणि निर्मात्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. मला वाटायचे राहिले.

तर अशा या कारकिर्दीच्या शेवटी माझ्या वाट्याला ‘सूर्यकवच’ आला. वाहिनीला आपला स्वतःचा, अस्सल मराठी सुपरहिरो हवा होता. हा दिवसा शाळेत भूगोल शिकवायचा आणि संकट आलं की सोनेरी रेग्झिनचं चिलखत आणि फायबरचा मुखवटा चढवून डॉक्टर काळभुंगा नावाच्या दुष्टाशी लढायचा. त्याची सगळी शक्ती उन्हावर चालायची. आणि शूटिंग कुठे, तर जव्हार-मोखाड्यात, पावसाळ्यात. एका हुशार माणसाने नकाशात सूर्यमाळ हे नाव वाचलं होतं आणि तिथे ऊन असणारच असं गृहीत धरलं होतं. आठ दिवस आम्ही धुक्यात एकमेकांना हाका मारत हिंडलो. शेवटी लेखकाने काळभुंगा ढग पाठवतो असं लिहिलं आणि हवामान कथानकात बसवून टाकलं.

माझं माहेर जव्हारचं. वडील तिथे एसटीत कंडक्टर होते. त्यामुळे ‘ताई लोकल आहेत’ या एका वाक्यावर जेवणापासून जीपपर्यंतची सगळी बिनपगारी खाती माझ्याकडे आली. नायकाऐवजी कड्यावर लटकायला जवळच्या दाभोसा गावचा लखमा आला, तोही मीच शोधून दिला.

आमचे नायकसाहेब मुलाखतींत सांगत, “माझे स्टंट मीच करतो.” प्रत्यक्षात त्यांना स्टुलावर चढलं तरी गरगरायचं. तेव्हा दाभोशाच्या धबधब्याशेजारच्या कड्यावर लटकायला त्यांच्या अंगलटीचा दुसरा माणूस हवा होता. लखमा त्या कड्यांवर मध काढायला चढायचा. चार महिने भातशेती, उरलेले महिने भिवंडीच्या गोदामात हमाली. कमरेला दोर बांधून, चिलखत चढवून तो तासन्तास लटकायचा आणि खालून दिग्दर्शकाला विचारायचा, “अजून लटकू का तू सांगशील तवा उतरू?” तिकडे सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात, कलेक्टर आला तरी. नायकसाहेबांना पहिल्यांदा त्याने “तू च्या पिलास का?” असं प्रेमाने विचारलं, तेव्हा ते दिवसभर रुसून व्हॅनमध्ये बसले होते.

आता माझ्या चुकीबद्दल. काळभुंगा कड्याच्या टोकाशी येतो आणि लटकणाऱ्या सूर्यकवचाच्या बोटांवर बूट ठेवतो, असा शॉट होता. हात अर्थात लखमाचा. मी चिलखतावरचे चिखलाचे शिंतोडे मोजत होते: डाव्या खांद्यावर तीन, कोपरावर एक. शिंतोडे अगदी बरोबर होते. फक्त लखमाची डावी करंगळी अर्धीच होती. भात कापताना कधीतरी विळा लागला होता. हा माणूस महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर होता आणि कॅमेऱ्याने त्याच्या पंज्याचा क्लोज-अप घेतला, तेव्हा मी शिंतोडे मोजत होते.

तो शॉट चालू असतानाच मुंबईहून फोन आला. मालिका बंद. आमच्या वेळेत आता वहिनींची मसाल्यांची स्पर्धा दाखवणार होते. तासाभरात सगळं युनिट गाड्यांत बसलं. लखमाला वर ओढून घ्यायचं कुणाला तरी सुचलं, हे नशीब. मुखवटा परत मागायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. तो मुखवट्यासकट घरी चालत गेला. हाती होतं तेवढं चित्रण जोडून शेवटचा भाग दाखवला गेला आणि हिरो कड्याला लटकलेला, त्याच्या बोटांवर बूट, अशा अवस्थेत मराठी सुपरहिरोचा इतिहास संपला.

तीन वर्षांनी मालिका वाहिनीच्या अ‍ॅपवर आली आणि मुलांनी ती थांबवून थांबवून पाहिली. मोबाइलवर चित्र बोटांनी मोठं करता येतं, ही सोय निघाल्यापासून आमच्या धंद्याचे हाल कुत्रं खात नाही. ‘सूर्यकवचचं अर्धं बोट कुठे गेलं?’ असे ढिगाने प्रश्न आले. काळभुंग्याने ते छाटलं आणि त्यातून तो दुसरा सूर्यकवच बनवतोय, असा सिद्धांतही एका शाळकरी मुलीने मांडला. वाहिनीने मला बोलावलं. आता वाभाडे निघणार म्हणून मी तयारीने गेले. तर तिथे बसलेला कोवळा दिग्दर्शक उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, काय मास्टरस्ट्रोक होता! तुम्ही तेव्हाच ठरवून केलं होतं ना?”

मी म्हटलं, “हो.”

झालं. मालिकेचा पुढचा भाग म्हणून दीड तासाची टेलिफिल्म ठरली आणि माझ्या गाढवपणावर अख्खी पटकथा उभी राहिली. गोष्ट त्याच क्षणापासून सुरू होणार होती: तोच कडा, तोच बूट, तोच हात. मेकअपवाल्यांनी आधी नायकसाहेबांची करंगळी दुमडून चिकटवली. ती अर्धवट वर राहायची आणि महानायक वर्गात बाईंकडे परवानगी मागतोय असं दिसायचं. दोन दिवस हे झाल्यावर सगळे माझ्याकडे वळले. लखमाला आणा, आणि तो मुखवटाही आणा, कारण नवा बनवलेला जुन्याशी जुळत नव्हता.

मी दाभोशाला गेले तेव्हा लखमा ओटीवर दोर वळत बसला होता. मला बघून त्याला नवल वाटलं नाही.

“तू कवा येशील तेच बगत होतो, बाय. तीन साल झाली.”

“अरे, मालिका बंद झाली होती.”

“बंद कसा झाला? माला कुणी सांगितला नाय. मी सोंग घेऊनच घरी आलो.”

मुखवटा आतल्या खोलीत टोपलीत, स्वच्छ फडक्यात गुंडाळून टांगलेला होता. शेजारी तशीच दुसरी टोपली होती. तिच्यात काय आहे हे मला ठाऊक होतं. आमच्या भागात होळीनंतर बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून गाव नाचतो, आणि कुठलं सोंग कुठल्या घराने घ्यायचं हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं असतं. लखमाच्या घराकडे त्राटिका होती. त्याचा आजा त्राटिका नाचायचा, बाप नाचायचा, तो नाचायचा. त्याला गावात ओळखायचे ते ‘त्राटिकेवाल्यांचा लखमा’ म्हणूनच.

“तीन साल मी नाचलो नाय,” तो म्हणाला.

मी विचारलं, “का?”

उत्तर त्याच्या बायकोने दिलं. येसूबाई चुलीपाशी नाचणीचं पीठ मळत होती. “एक सोंग अंगावर हाय, तर दुसरा कसा घेल? बाबा नाय म्हणतात.”

बाबा म्हणजे कान्हूबाबा, बोहाड्याची सगळी व्यवस्था बघणारे गावातले म्हातारे. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला रीत समजावून सांगितली, एखाद्या मंदबुद्धीला सांगावी तशी सावकाश. ज्याने सोंग घेतलं, त्यानेच ते आपल्या हाताने उतरवायचं. आणि ज्यांच्यासमोर घेतलं, त्यांच्यासमोरच उतरवायचं. तोवर ते अंगावरच आहे असं धरतात.

“गावासमोर घेतला असता तर गावासमोर उतरवला असता,” बाबा म्हणाले. “यानं टीव्हीसमोर घेतला. टीव्हीसमोरच उतरवंल. यंदा उतरवला तर त्राटिका त्याची. नायतर धाकट्याच्या घरी जाईल. किती साल दुसऱ्यानं उसनी नाचायची?”

धाकटा म्हणजे लखमाचा चुलतभाऊ. सोंग एकदा दुसऱ्या घरात गेलं की परत येत नाही.

पस्तीस वर्षांत माझं काम मला कुणी इतकं स्पष्ट समजावलं नव्हतं. अर्धं सोडायचं नाही, जिथून सुटलं तिथूनच उचलायचं आणि ज्याचं त्यानेच पूर्ण करायचं. वाहिनीच्या मोठमोठ्या माणसांना हे कळलं नव्हतं. मी लखमाला शब्द दिला, “कॅमेऱ्यासमोर मुखवटा तूच उतरवशील.” दिग्दर्शकाला सांगितलं. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “शुअर ताई, किती क्यूट आहे हे.” आमच्या व्यवसायात याला करार म्हणतात.

कड्यावरची दृश्यं झकास झाली. लखमा लटकला, बूट आला, अर्ध्या करंगळीचा क्लोज-अप झाला. या वेळी मी शिंतोडे सोडून बोटंच मोजली. साडेनऊ भरली. नायकसाहेब खाली छत्रीत बसून, लटकल्यावर कसं वाटतं याची मुलाखत देत होते.

शेवटचं दृश्य धबधब्याच्या वरच्या माळावर होतं. काळभुंगा मेलेला, गाव जमलेला, सूर्यकवच पहिल्यांदाच सर्वांसमोर मुखवटा काढतो आणि आत आपले भूगोलाचे सर निघतात. गर्दीसाठी दाभोशाची माणसं सांगितली होती. भाताची लावणी उरकलेली, त्यामुळे सगळा गाव नटूनथटून आला होता. येसू पहिल्या रांगेत होती, कान्हूबाबा तिच्या मागे. नायकसाहेबांनी मुखवटा काढला, केसांना झटका दिला, ग्लिसरीनचे दोन थेंब गालावर ओघळले.

कुणीही त्यांच्याकडे बघितलं नाही. सगळा गाव उजवीकडे बघत होता, जिथे लखमा चहाचा ग्लास घेऊन उभा होता.

“कट! यांना सांगा, हिरोकडे बघा!”

सांगितलं. दुसरा टेक. साठ-सत्तर माना पुन्हा उजवीकडे. तिसरा, चौथा. नायकसाहेबांचं ग्लिसरीन संपलं. दिग्दर्शकाने स्वतः जाऊन हात जोडले, मग ओरडला. माणसं शांत उभी. मी कान्हूबाबांपाशी गेले.

“बाबा, थोडा वेळ इकडे बघा ना.”

“काय बगायचा तिकडं? सोंग त्याचा हाय,” बाबा लखमाकडे बोट दाखवून म्हणाले. “त्यानं दिला म्हणून ह्यानं डोक्यावर घातला. तो उतरवंल तवा आमी बगू.”

मी दिग्दर्शकाला शब्दाची आठवण करून दिली. एक शॉट घ्या लखमाचा, दोन मिनिटांचं काम आहे. तो म्हणाला, “हिरोच्या मुखवट्यातून हमाल निघाला तर फिल्म कोण बघेल, ताई? आणि साहेबांनी मुलाखती दिल्यात. प्लीज, तुम्हीच काहीतरी करा. आभाळ भरून येतंय.”

आणि मी केलं. इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पडद्यावर दोन माणसं एकमेकांकडे बघताना दिसतात, तेव्हा पुष्कळदा ती एकमेकांसमोर नसतातच. आधी एकाचा शॉट घेतात, मग दुसऱ्याचा. दोघांच्या नजरा एका रेषेत आल्या की प्रेक्षकाला ती समोरासमोर वाटतात. ही रेष जुळवणं माझं काम आणि त्यात मी पटाईत. गर्दीचा शॉट घेताना तिच्यासमोर हिरो असायची काहीच गरज नव्हती.

मी कॅमेऱ्याला खेटून एक लाकडी पेटी ठेवली, नायकसाहेब उभे होते नेमक्या त्या जागी आणि त्या उंचीवर. लखमाला चिलखत घातलं, मुखवटा त्याच्या हातात दिला, पेटीवर उभं केलं. कॅमेरा गर्दीकडे तोंड करून होता. समोर, गर्दीच्या पलीकडे, दुसरा कॅमेरा होता. त्याचं तोंड लखमाकडे होतं. त्याच्यामागे माणूस नव्हता आणि भिंगावर झाकण होतं. लखमाने त्याच्याकडे बघून मला विचारलं, “तो माझ्यासाठी का?”

मी म्हटलं, “उतरव आता.”

त्याने मुखवटा चढवला. क्षणभर थांबला. मग दोन्ही हातांनी, खाली मान घालून, हळूच उतरवला आणि छातीशी धरला. आणि गाव बघत होता. काय बघत होता! येसूने पदर तोंडाशी नेला, तिचे डोळे भरले आणि ती हसत होती. कान्हूबाबांनी हात जोडले. पोरं ओरडली. एकाच टेकमध्ये झालं, आणि मॉनिटरपाशी बसलेला आमचा कोवळा दिग्दर्शक चक्क रडला. त्याने येऊन माझे पाय धरले. एवढ्या वर्षांत पाय धरले जाण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे मला बरंही वाटलं. लाज नंतर वाटली.

खाली उतरून लखमा म्हणाला, “झाला ना बाय?”

मी म्हटलं, “झालं, लखमा.”

मुखवटा या वेळी कुणी विसरलं नाही. वाहिनीच्या माणसाने तो लखमाच्या हातातून घेऊन पेटीत बंद केला.

टेलिफिल्म एका रविवारी दुपारी लागली. मी दाभोशाला जायला नको होतं. पण येसूने निरोप पाठवला होता, आणि दुसरीकडे कुठे बसून बघण्याची माझी हिंमत नव्हती. एका घरात टीव्ही होता, तिथे सगळे दाटीने बसले होते. पहिल्याच शॉटला “लखमाचा हात! लखमाचा हात!” म्हणून पोरं नाचली. मधला तासभर कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग माळ आला. पडद्यावर गाव दिसला, माणसं एकमेकांना ओळखून खिदळू लागली. येसूचा भरलेल्या डोळ्यांचा चेहरा पडदाभर आला. लखमा पुढे सरकून बसला.

पुढच्या शॉटमध्ये नायकसाहेब मुखवटा छातीशी धरून उभे होते. गालावर दोन थेंब.

“ह्यो कुठनं आला?” येसू म्हणाली. “मी ह्याकडं बगलाच नाय.”

लखमा माझ्याकडे वळला. “बाय, मी उतरवला तो कुठं गेला?”

“तो घेतलाच नव्हता. त्या कॅमेऱ्यावर झाकण होतं.”

“तुला तवा ठाव होता?”

“होतं.”

“मंग आमी याकडं बगतो असा कुणी केला?”

“मी केलं.”

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो नुसता टीव्हीकडे बघत राहिला. तिथे आता साबणाची जाहिरात लागली होती. कान्हूबाबा भिंतीला हात टेकून उठले. “मंग उतरला नाय,” म्हणाले आणि बाहेर गेले. त्यांच्यामागून बाकीचेही उठले. येसूही.

जीप यायला वेळ होता. लखमा माझ्यासोबत रस्त्यापर्यंत आला. “एकदा परत बोलव,” तो म्हणाला. “होळीच्या आत. पैसा नको. एकटाच येतो, तुमच्या मुंबईला येतो. फक्त उतरवतो आन् जातो.”

मी दुसऱ्याच दिवशी वाहिनीत गेले. विचारलं, एक मिनिटाचं काहीतरी करू, अ‍ॅपवर टाकू, पडद्यामागची गंमत म्हणून. मुखवटा तिथेच, स्वागतकक्षात काचेच्या पेटीत ठेवलेला होता. असे निर्णय घेणारी वाहिनीतली मुलगी फार गोड होती. तिने मला कॉफी दिली, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, “पण ताई, आता कशाला? शेवट इतका खरा झालाय. त्या गावातल्या लोकांच्या नजरा बघितल्यात का तुम्ही?”

होळी झाली. बोहाड्यात त्राटिका धाकट्याच्या घरून निघाली, वाजतगाजत. लखमा तेव्हा भिवंडीच्या गोदामात होता.